कर्मठ

पूर्णा जंक्शनला बाबांचा निरोपसमारंभ झाला.
लखनौकडच्या साहेबानं शाल दिली, नारळ दिला
आणि माईकवर म्हणाला,
"जोंधळेजी बहुत कर्मठ आदमी हैं."
टाळ्या पडल्या.
बाबांचा हात नारळावरच थिजला.

क्वार्टरवर येईस्तोवर गप्प.
बुटाची लेस सोडताना मला म्हणाले,
"तू मराठीची मास्तरीण ना?
सांग, मला कामून कर्मठ म्हणला त्यो?"

त्यांच्या ओळखीचा कर्मठ एकच:
गावच्या पोस्टातले अंबादासपंत.
मनीऑर्डरीच्या नोटा उंबऱ्यावर ठेवून
चार पावलं मागं सरकायचे,
आणि आजीचा अंगठा उठला की
शाईचं पॅड दिवसभर उन्हात.

मी कोश काढला.
कर्म, त्यावरून कर्मठ. कामात गढलेला.
मग विधीत गढलेला,
मग नुसताच विधी.
हिंदीनं त्यातलं काम ठेवून घेतलं, बाबा,
आपल्या वाट्याला सोवळं आलं.

एकतीस वर्षं हातोडा खांद्यावर,
चुडाव्यापर्यंत रुळाची चावी न् चावी ठोकत गेलेला माणूस
बराच वेळ पायमोज्याकडं बघत राहिला.
"मंग पंत," म्हणाले,
"कोण्तं काम करीत व्हते?"

कोशात त्याचं उत्तर नव्हतं.

प्रमाणपत्र आता टीव्हीच्या वर आहे, बुद्धाच्या फोटोशेजारी.
पाव्हणा मान वर करून वाचू लागला
की बाबा आतून ओरडतात,
"हिंदीत वाच रे बापा, हिंदीत!"