एक्केचाळीस सेकंद

कायारच्या किनाऱ्यावर माझी टपरी.
फोन चार्ज करून देतो, डेटा विकतो,
सगळ्याला मासळीचा वास.

बिरामचा व्हिडिओ पहिल्यांदा इथेच उघडला.
होडीत चौदा पोरं, पिवळे रेनकोट,
कुणीतरी टोपी भिरकावतो, सगळे खिदळतात,
मागे पाणी इतकं निळं
की त्यात कुणी बुडेल असं वाटूच नये.
एक्केचाळीस सेकंद.
मग आपोआप पुन्हा पहिल्यापासून.

होडी पलीकडे लागलीच नाही.
व्हिडिओ लागला, डाकारपासून पॅरिसपर्यंत,
नऊ लाखांनी पाहिला म्हणे.

कुंबा रोज संध्याकाळी येते.
मासळी खारवून बोटं अशी झालीत
की काच ती ओळखत नाही,
म्हणून मीच दाबतो.
टोपी उडायच्या आधी थांबव, म्हणते.
"हे बघ, इथे माझ्याकडे बघतोय."
कॅमेऱ्याकडे बघतोय,
हे मी बोलत नाही.

काल लामीनची धाकटी दोघं आली.
तेच पाहिलं, तीनदा, डोक्याला डोकं लावून.
मोठ्याने विचारलं,
असले रेनकोट कुठे मिळतात?

मी डेटाचे पैसे घेतले.
सुटे मोजून परत दिले.