तेल अजून गळतं

तिकिटं मी देते.
काचेच्या मागून, सकाळी नऊपासून,
मनगटाला निळा कागदी पट्टा बांधत.
बहुतेकांना आधी बाथरूम हवं असतं,
मग देवमासा.

जिना चढा, मी सांगते, मान वर करा.
छताखाली पोलादी दोरांवर तरंगतोय तो.
ह्याला भाल्याने नाही मारलं, टँकरने मारलं, चुकून.
आणि इतकी वर्षं झाली तरी
हाडांतून तेल गळतं त्याच्या.
कवटीखाली नळी आहे, नळीखाली बरणी.
शेपटीकडचा एक मणका मात्र कुणाचं ऐकत नाही,
त्याचा थेंब थेट बाकावर पडतो.
तिथे बसू नका.

मुलं विचारतात, रडतोय का तो?
मोठी माणसं विचारतात, हा वास कसला?
शहराचा, मी म्हणते,
आणि सुटे पैसे परत करते.

पुढच्या दालनात अर्ध्या मापाचं जहाज.
त्यावर चढता येतं, सुकाणू फिरवता येतं.
अर्ध्या जहाजावर अख्खी माणसं फोटो काढतात,
राक्षसासारखी दिसतात.
माझे पणजोबा अख्ख्या जहाजावर होते.
ब्राव्हा बेटावरून आले, नाव इनासिओ.
कप्तानाने वहीत लिहिलं नॅश, कारण जागा कमी होती.
तीन वर्षं चार महिने समुद्रावर.
नफ्यातला एकशे नव्वदावा हिस्सा त्यांचा,
त्यातून बूट वजा, तंबाखू वजा,
हॉर्नच्या वादळात फाटलेला सदरा वजा.
उतरले तेव्हा कंपनीचंच देणं निघालं.
तेल गेलं, तूप गेलं,
धुपाटणंसुद्धा कंपनीचंच.
ती वही खालच्या कपाटात आहे, दिवा मंद ठेवलाय.
परवानगी काढली तर पान उलटून दाखवतात.
मी अजून काढली नाही.

बाहेर पडलात की दगडी रस्ता, टाचेचे बूट नकोत.
ह्याच धक्क्यावरून पिंपं चढायची
आणि समुद्रापलीकडे, परक्या गल्ल्यांत
दिवेलागण व्हायची.
समोर नाविकांचं चॅपल.
भिंतीवर संगमरवरी पाट्या,
ज्यांची शरीरं परत आली नाहीत त्यांच्या.
काही नावं जुनी, काही माझ्या वर्गातली.

आर्लिंदो दर महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी येतो,
गावातल्यांना तेव्हा फुकट असतं.
शिंपल्यांच्या बोटीवर सव्वीस वर्षं,
उजव्या अंगठ्याचं पेर रहाटाने नेलेलं.
जहाज बघत नाही, दातांवर कोरलेल्या बायका बघत नाही,
सरळ वर जातो आणि त्याच बाकावर बसतो.
त्याच्या भावाची पाटी चॅपलमध्ये डावीकडून तिसरी.
वाल्देमार, जानेवारी.
तिथे का जात नाहीस, मी एकदा विचारलं.
तिथे सगळं कोरडं आहे, म्हणाला.

मागच्या गुरुवारी बंद करायची घंटा झाली, तो उठेना.
मी किल्ल्या घेऊन वर गेले.
तळवा पसरून बसला होता,
प्रसादाला बसावं तसा.
वस्तूंना हात लावू नये, पाटी आहे, तीन भाषांत.
मी आग विझवायच्या नळकांड्याकडे बघत राहिले,
त्याची तारीख वाचली.
थेंब पडला.
त्याने बोटांच्या पेरांवर चोळला,
खारट पाण्याने फुटलेल्या भेगांवर,
नीट, एकेका बोटाला.
बरं वाटतं, म्हणाला.
मग विचारलं, कधी संपेल हे?
वरच्या मजल्यावरची बाई म्हणते, माहीत नाही,
आपण असेपर्यंत तरी नाही.
त्याने टोपी घातली. खूश दिसला.

तर, एकूण दोन तास पुरतात.
भूक लागली तर बंदरावर इदालिनाकडे सूप घ्या, शिंपले कालचे नसतात.
जिवंत देवमासे बघायचे असतील
तर दहाची बोट, जाड स्वेटर, उलटी होत असेल तर आलं.
दिसतीलच असं नाही, पैसे परत मिळत नाहीत.
कठड्याशी उभे राहा.
डोळ्यांत तेल घालून बघा.