शंभरापासून उलटे

झेरॉक्सवाला विचारतो, "मुलाचं ॲडमिशन का, मॅडम?"
मी म्हणते, "माझीच नोकरी. मुलाखत आहे उद्या."
तो एकदा माझ्या केसांकडे बघतो
आणि न सांगता दोन कॉप्या जास्त काढतो.

त्र्यंबक नाक्यावर डिसेंबर झोंबतोय.
फाईल स्वेटरच्या आत धरून चालते.
एकोणीस वर्षं.
भाजीवाल्याच्या काट्यावर पावशेर भरतील.

पद : वरिष्ठ भूलतज्ज्ञ.
मुंबई नाक्याकडचं नवं, काचेचं हॉस्पिटल,
तिथे म्हणे लिफ्टमध्ये बासरी वाजते.

घरी मुक्ता पॅनल होऊन बसलीय,
माझाच चष्मा लावून, पुढ्यात मटार.
"स्वतःबद्दल सांगा."
मी धुळ्याच्या कॉलेजपासून सुरू करते.
"बोअर. पुढे.
तुमची सगळ्यात जमेची बाजू?"

काय सांगू हिला?
माझं काम नीट झालं
की पेशंटला मी आठवत नाही.
पेढे सर्जनच्या केबिनमध्ये जातात.
त्याचं काही वाटत नाही मला.
(वाटतं. पेढ्यांचं नाही.)

सुरगाण्याची एक बाई, यमुना भोये,
टेबलावर माझा अंगठा घट्ट धरून म्हणाली,
"हितंच ऱ्हा."
राहिले. साडेचार तास,
तिचा एकेक श्वास मोजत.
शुद्धीवर आली, माझ्याकडे बघून म्हणाली,
"तुमी कोन?"

उद्या पाच जण, कोट घालून,
हेच विचारणार आहेत.

"आई, लक्ष कुठंय? एखादी चूक सांगा तुमची."
मी शेंग सोलते.
एक गुरुवार आहे, पहाटे तीन दहाचा.
उत्तर पाठ आहे,
पण ते दोन मिनिटांत बसत नाही.
"मी फार परफेक्शनिस्ट आहे," मी म्हणते.
मुक्ता चष्मा काढते.
"हे सगळेच म्हणतात, आई."

दुपारी ओटीबाहेर पुंडलिकनं विचारलं होतं,
हातातला ट्रे खाली न ठेवता,
"तिकडं गेल्यावर रात्री फोन केला तर उचलाल ना?"
एवढाच एक प्रश्न
माझ्या तयारीत नव्हता.

साडी इस्त्री करून खुर्चीवर.
फाईल उशाशी.
झोप येत नाही, म्हणून
सगळ्यांना सांगते तेच स्वतःला सांगते :
शंभरापासून उलटे मोजा.

नव्वदच्या खाली
माझ्या हातात आजवर कुणी पोचलेलं नाही.

मी बावीसवर आहे.
एकवीस.