नमुना, दोन भागांत

पहाटे साडेतीन. शीतगृहाचं शटर वर जातं,
थर्माकोलच्या पेट्यांमधून धूर निघतो.
‘नॉर्वेचा रावस, मॅडम,’ एजंट पांचाळ कौतुकाने म्हणतो.
रावस नव्हे हो. तोंड बघा त्याचं.
कागदावर आहे तेच नाव बोला.

सुई पोटात शिरते.
चारच्या आत हवं, नऊ आलं.
‘ट्रॉली उन्हात राहिली जरा.’
या वेळेला कसलं ऊन, मी विचारत नाही.
लिहिते.

मग चीजची खोकी, तारखेवर तारीख चिकटवलेली.
नखाने सोलते,
खालची गेल्या शिमग्यात संपलेली.

नमुन्याचे दोन भाग: एक प्रयोगशाळेला,
एक इथेच, लाखेखाली,
उद्या भांडण निघालंच तर.

आई उरणला पाटी घेऊन बसायची.
कल्ला उचलायचा, अंगठा दाबायचा,
खड्डा भरून आला तर गिऱ्हाइकाला,
नाही आला तर मांजराला. दुसरा भाग नाही, अपील नाही.
ही शेड उभी आहे तिथे आमचं खाजण होतं,
भरतीला जिताडा आत यायचा
कुणालाही न विचारता.

पांचाळ फोन घेऊन पाठमोरा झाला की
मी अंगठा दाबते, हातमोज्यातून.
खड्डा तसाच राहतो.
त्याला फॉर्मात रकाना नाही.

घरी पोचते तेव्हा उलव्यात दुधाच्या गाड्या.
दोनदा साबण लावलाय हातांना,
तरी जिन्यातली मांजर उठून
तिसऱ्या मजल्यापर्यंत माझ्यामागे येते.