घडी

पहिले चार तास फुकट.
पाचव्यापासून पैसे पडतात.
गणवेशातला कुणीही माणूस प्रश्न पाठवतो
आणि मी, मेरिलँडच्या या ठेंगण्या विटांच्या इमारतीत,
कॉफीचा मग कीबोर्डपासून लांब सरकवून
उत्तर शोधायला बसते.

बाहेर सस्क्वेहॅना खाडीला मिळते.
पलीकडच्या मैदानावर अधूनमधून तोफेची चाचणी होते,
काच थरथरते,
काठावरची रानबदकं मान वर करतात
आणि परत गवतात घालतात.
ती इथलीच आहेत. मीही.

सोमवारचा प्रश्न, क्रमांक नऊशे बारा:
घडी घालून ठेवलेलं पॅराशूटचं नायलॉन
किती वर्षं विश्वासाचं राहतं?
हुद्दा, मास्टर सार्जंट. ठिकाण, अलास्का.

विश्वासाचं, असं त्यानं लिहिलं होतं.
आमच्या शब्दसूचीत हा शब्द नाही.
मी घातलं तन्यता, साठवण, आयुर्मान,
मग ओलावा.
दोन हजार तीनशे अहवाल आले.
शोधणं म्हणजे बहुतेक वेळ
सभ्यपणे नाही, नाही म्हणत राहणं.

ऑस्ट्रँडर दारातून डोकावला,
हातात प्रेट्झेलची पुडी, शर्टावर मीठ.
एकतीस वर्षं तो हेच करतो.
त्याचं म्हणणं, नवा प्रश्न असा नसतोच,
कुणीतरी आधी विचारलेला असतो
आणि उत्तर कुठल्यातरी खोक्यात
तोंड मिटून पडलेलं असतं.

तिसऱ्या तासाला सत्तावन्न सालचा एक अहवाल,
टंकलेला, स्कॅन करताना तिरका झालेला.
पान चव्वेचाळीस, तळटीप:
नमुना एकोणीस वगळला. घडीच्या रेषेवर फाटला. कारण अज्ञात.
आणि समासात पेन्सिलीनं, वेगळ्याच अक्षरात:
अज्ञात कसलं. मी सांगितलं होतं. व्ही. टी.

चौथा तास मी व्ही. टी.वर घालवला.
हे नियमात बसत नाही.
परिशिष्ट 'ड', हजेरीपट, घडी घालणाऱ्या बायका,
ओळ सहावी: व्हर्ना टँकर्स्ली.
तिच्या तक्त्यात 'शेरा' नावाचा एक चिंचोळा रकाना,
इतर सगळ्यांनी रिकामा सोडलेला.
तिनं चौकटीबाहेर जाऊन लिहिलंय:
दर वेळी त्याच रेषेवर घडी घालू नका.
कापड ते विसरत नाही.

उत्तरासोबत पुराव्याचा दर्जा द्यावा लागतो.
एक नमुना, एक कामगार, मोजमाप नाही:
दर्जा सगळ्यात खालचा.
मी प्रामाणिकपणे तोच दिला
आणि तिचं वाक्य पहिल्या पानावर ठेवलं.
"पहिल्या?" ऑस्ट्रँडरनं विचारलं.
"पहिल्या."
त्यानं सही केली. कागदावर थोडं मीठ पडलं.

बुधवारी अलास्काहून दोन ओळी आल्या.
गोदामातली सगळी उलगडतोय.
रेषा बदलून पुन्हा घालू.
आभार मानलेले नव्हते,
मला ते आवडलं.

गुरुवारचा प्रश्न, क्रमांक नऊशे तेवीस:
इतक्या जाडीचं तोफगोळ्याचं कवच
जमिनीपासून इतक्या उंचीवर फुटलं
तर तुकडे किती, आणि कुठवर?
यात कुठलाच शब्द सूचीबाहेरचा नव्हता.
तेच चार तास, तीच नम्र पोच,
आपल्या प्रश्नाबद्दल धन्यवाद.

दोन तासांतच मिळालं.
आलेख, तक्ते, सूत्रं,
एकाच प्रश्नाला शेकडो हातांनी
पुन्हा पुन्हा दिलेलं सुबक उत्तर.
पुराव्याचा दर्जा सर्वोच्च.
नमुना एकही वगळलेला नाही.

उरलेले तास पुढच्या प्रश्नाला लावता येत नाहीत.
मी पानं मोठी करून पाहत बसले,
एकेक, कडेपासून,
कुणी काही लिहिलंय का ते.
मैदानावर तोफ झाली. काच थरथरली.
समास स्वच्छ होते.