कापून टाकलेला तुकडा

फ्रिजच्या जाहिरातीत
मारेटला स्वतःचा समुद्र ऐकू आला.
हाप्सालूच्या गोठलेल्या खाडीवर, उणे एकोणीसमध्ये,
पालथं पडून, भोकातून माइक खाली सोडून
टिपलेला तो तडा :
आधी तार तुटावी तसा,
मग लांब कुणीतरी दार लोटून घेतल्यासारखा.

तिनं पत्र लिहिलं, हा माझा आहे.
उत्तर फार नम्र आलं :
बर्फ सगळीकडेच तडकतो, बाईसाहेब.
तुमचाच कशावरून?

कशावरून.
स्टीलच्या वाटीवर तरी नाव घालून घेता येतं,
दहा घरं फिरून वाटी परत येते.
नेटवर टाकताना तिनं खाली नाव लिहिलं होतं,
ते पहिल्याच हातानं पुसलं.
पुढचे हात निर्दोष.

टाल्लिनच्या वकिलानं, काल्यू त्याचं नाव,
कागद बाजूला सारले.
त्यांच्याकडे नाही
असं तुमच्याकडे काय आहे?

जुनी डिस्क तीनदा घरघरली, मग उघडली.
मूळ रेकॉर्डिंग अकरा मिनिटं चार सेकंद.
जगाला दिलेली, दोन.
उरलेल्या नवात एंडेल होता.
बाप.
बुटांची करकर, थर्मासचं फिरकीचं झाकण,
तडा जायच्या ऐन आधी खोकला,
आणि तडा विरतो न विरतो तोच :
"झालं का गं? पाय गेले माझे."
त्यावर तिचंच खेकसणं,
"बाबा, एक मिनिट गप्प बसाल?"

त्याच रात्री तिनं कात्री चालवली होती,
त्याच्या श्वासाचा धागासुद्धा राहू नये इतकी नेमकी.
पुढच्या हिवाळ्यात खाडी गोठलीच नाही.
त्याच्या पुढच्यात गोठली,
पण तेव्हा तो नव्हता.

पुरावा क्रमांक तीन.
गरम केलेल्या बंद खोलीत
सात अनोळखी माणसांनी तो ऐकला,
खोकला, आणि त्याला लागूनच
कुठेही सांधा नसलेला तडा.
समोरच्यांनी हरकत घेतली नाही.
टंकलेखिकेनं विचारलं,
खोकला लिहायचा का?

निकाल लागला. पैसे आले, बरे आले.
कागदावर मालक म्हणून एकच नाव.
अर्जात खाली एक रकाना होता,
'आणखी कुणाचा वाटा असल्यास.'
तिथे तिनं, सवयीनं,
आधीच आडवी रेघ मारली होती.