मधोमध

इथे टायर मधोमध झिजतो.
कडा कोऱ्या, रबराचे बारीक केससुद्धा शाबूत,
आणि मध्ये चार बोटं रुंद पट्टा
ताटासारखा सपाट.
मुहर्रकहून सित्रा, सित्राहून रिफा,
पूल सरळ, हमरस्ता सरळ,
मोफिझुलची मोटरसायकल जेवणाचे डबे घेऊन
दिवसभर ताठ उभी धावते.
कलायची वेळच येत नाही.

शुक्रवार, पहाटेचे साडेचार.
हवा ओल्या टॉवेलसारखी तोंडावर.
मशीन माझ्याआधी रोडेलचं होतं,
मनिलाला परत जाताना आठ दिनारांत देऊन गेला:
लोखंडी तिवई, मध्ये खांब, तीन पंजे, एक लांब दांडा.
वीज लागत नाही. लागतं ते माझं वजन,
बासष्ट किलो.
अंगणाच्या सिमेंटात चार बोल्ट ठोकले तेव्हा
घरमालक बू राशिद म्हणाला,
जाशील तेव्हा भोकं बुजवून जा.
सात वर्षं झाली. बोल्ट गंजले,
हलत मात्र नाहीत.

आधी व्हॉल्व्हची सुई काढायची.
तोंड बाजूला घ्यावं, आतली हवा शिळी असते.
टायरची कड रिमला धरून बसलेली
जशी खरवड टोपाच्या बुडाला.
दांड्यावर लोंबकळतो.
एकदा. दोनदा.
ठक्.
मोफिझुल दचकतो. दर चार महिन्यांनी
याच आवाजाला दचकतो.

मग साबण, भांड्यांचा, लिंबाच्या वासाचा.
पलीकडची कड रिमच्या खोलगट पोटात ढकलली
तरच अलीकडची वर येते.
हे कळायला मला तीन रिम आणि एक नख लागलं.

झिजलेला टायर त्याच्यापुढे धरतो.
ही कड बघ, आमच्या घाटात हीच आधी जाते.
"घाट? जहाँ नाव लगता है?"
नोआखालीचा तो. स्वतःच्या पायांनी चढलेली
सगळ्यात उंच जागा म्हणजे आमची गच्ची.
मी फरशीवर, फेसात, बोटाने कुंभार्ली काढतो:
हे वळण, हे वळण, इथे माकडं,
इथे साखरेचा ट्रक घरंगळला होता,
आणि इथे दिनूमामाची यामाहा इतकी कलायची
की पायटा डांबराला घासून ठिणग्या उडायच्या.
तो नीट बघतो. फेस बसत जातो.
शेवटची तीन वळणं सांगायच्या आत
सगळं सपाट.

नवा टायर. म्हणजे दुकानदाराच्या शब्दाने नवा.
अंगावर चार आकडे असतात, आठवडा आणि साल.
एकोणिसावा आठवडा, गेल्याच्या गेल्या वर्षीचा. मे.
तेव्हा मी घरी होतो, आईच्या मोतीबिंदूला.
हे रबर कुठेतरी साच्यात शिजत होतं तेव्हा
मी दर दोन तासांनी तिचा डोळा उघडून
थेंब सोडत होतो
आणि ती म्हणायची, पडला नाही रे, गालावर गेला.
"पुराना है क्या?"
चालेल, म्हणतो.

साबण, पंजे, दांडा, गोल गोल.
पंप मारतो, तो मारतो, पुन्हा मी.
फट्. फट्. दोन्ही कडा बसल्या.
मी पाठ सरळ करतोय तोच तो वाकून म्हणतो,
"दादा, तीर तो उल्टा है."

घाटाच्या नादात.

पुन्हा सुई. पुन्हा शिळी हवा, आपलीच.
या वेळी कोणी बोलत नाही.
ऊन भिंतीवरून उतरून मशीनपर्यंत आलेलं,
नाकावरचा घाम रिममध्ये टपटपतो,
साबण थोडा कमी लागतो.

दुकानात तीन दिनार, मी एक घेतो.
आज नको, म्हटलं. ऐकलं नाही त्याने,
नोट दांड्याखाली दाबून हेल्मेट चढवलं.
पहिले शंभर किलोमीटर रबर निसरडं असतं,
वळणावर जपून, मी ओरडलो.
गल्लीच्या टोकाला, मशिदीपाशी, एकच वळण आहे.
तिथे त्याने मुद्दाम,
मला दिसेल इतकी,
गाडी कलती केली.

अरे, हळू.